खेळाडू न्या, पण दाम मोजा

आज आम्ही अमेरिकेतल्या एका बाईंची गोष्ट सांगणार आहोत. नाव एफा मॅन्ली.

बेसबॉल हा आपल्या क्रिकेटसारखाच बॅट-चेंडूचा खेळ. तिथल्या मोठ्या संघांत त्या काळी काळ्या खेळाडूंना घेत नसत. म्हणून काळ्या लोकांनी स्वतःचे संघ उभे केले. त्यातलाच एक न्यू जर्सी राज्यातला ‘न्यूआर्क ईगल्स’. मालक एफाबाई आणि त्यांचे पती एब. पैसा एब यांचा, तोही आकड्याच्या धंद्यातला, म्हणजे आपल्याकडच्या मटक्यासारखा. हे झाकून कशाला ठेवायचं? पण कारभार बाईंचा. पगार, सामन्यांच्या तारखा, प्रवास, हिशेब, सगळं त्याच बघायच्या.

बोलायला फटकळ. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात एक मोठं दुकान काळ्या गिऱ्हाइकांवर चालायचं, पण काळ्या मुलींना विक्रेत्या म्हणून ठेवायचं नाही. १९३४ साली तिथल्या बहिष्कारात बाई पुढे होत्या. दुकानदाराला नमावं लागलं.

१९४६ला त्यांचा संघ काळ्यांच्या स्पर्धेत अजिंक्य ठरला. त्याच सुमारास गोऱ्यांच्या संघांनी दार उघडलं. ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रँच रिकी यांनी बाईंचा गोलंदाज डॉन न्यूकम नेला, मोबदला एक पैसाही नाही. आता आली का पंचाईत! अडवावं, तर आपलेच लोक म्हणणार, पोराच्या पुढे जाण्यात ही बाई आडवी येते. गप्प बसावं, तर घडवलेला खेळाडू फुकट गेला. बाईंनी खेळाडूला अडवलं नाही, आणि गप्पही बसल्या नाहीत. हा अन्याय आहे, असं जाहीरपणे सांगत राहिल्या.

१९४७ला क्लीव्हलँडचे मालक बिल व्हीक यांनी लॅरी डोबीला मागितलं. बाईंनी तोंडावर सांगितलं की हाच मुलगा गोरा असता तर तुम्ही लाख डॉलर दिले असते. शेवटी १५,००० डॉलरवर सौदा ठरला. लाखाच्या मानाने थोडेच, पण काळ्यांच्या संघाची मालमत्ता किमतीची आहे, हे कबूल झालं. पुढे मॉन्टी आयर्व्हिनलाही रिकी फुकट न्यायला निघाले. बाईंनी वकील गाठला, रिकींनी हात काढला आणि न्यूयॉर्क जायंट्सने ५,००० डॉलर मोजून त्याला घेतलं.

मालाला भाव सांगताना आपली जीभ अडखळते. “द्या तुम्हाला योग्य वाटेल ते,” असं आम्हीही बोलून बसलोय.

बाईंचा संघ मात्र टिकला नाही. प्रेक्षक आपल्या खेळाडूंमागे मोठ्या मैदानांवर गेले, आणि १९४८च्या हंगामानंतर संघ विकावा लागला. जुन्या काळ्या खेळाडूंना बेसबॉलच्या सन्मान दालनात जागा मिळावी म्हणून त्या उतारवयातही पत्रं लिहीत राहिल्या. १९८१ला त्या गेल्या. २००६ साली त्याच दालनात त्यांचं नाव लागलं. तिथे मान मिळालेली ती पहिली बाई, आणि आजवर एकटीच.