लखनौचा जलकर

लखनौत गोमतीचं पाणी गऊघाटावरून ऐशबागच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं. तुरटी, क्लोरीन, पंपांची वीज हा खर्च रोजचाच. जलकर मात्र १९७५च्या उत्तर प्रदेश कायद्यानुसार मालमत्तेच्या वार्षिक मूल्यावर बसतो. वीज महागली तरी मूल्यांकन जुनंच राहतं, मग दुरुस्ती रखडते आणि दाब कमी झाला की साठवणटाकी नसलेल्यांचीच परवड होते. म्हणून दर वाढवायला हवेत. या दरवाढीत गरीब भरडला जाईल, हा आक्षेप रास्तच आहे. त्यावर मुंबईचा तोडगा पटतो: तिथं घरगुती वापरात माणशी दिवसाला १५० लिटरपुढे दर चढत जातो. ‘आधी गळती थांबवा’ हेही खरं; पण गळती शोधायला मीटर हवेत, आणि मीटरला पैसा. म्हणून वाढीव रक्कम आधी त्यावरच खर्च व्हावी, हिशेब प्रभागवार जाहीर व्हावा.