उत्पादन खर्चाचा हिशेब परभणीनेच मांडावा





फेब्रुवारी १९८४ मध्ये शेतकरी संघटनेचे अधिवेशन याच परभणीत भरले होते. शेतमालाला उत्पादन खर्चावर आधारित भाव मिळावा, ही शरद जोशी यांच्या संघटनेची मुख्य मागणी. खर्च नेमका मांडल्याशिवाय अशी मागणी टिकत नाही. म्हणून कॉस्ट अकाउंटिंग हा मुंबई-पुण्याच्या कारखान्यांपुरता विषय आहे, असे मी मानत नाही. त्याची खरी गरज आपल्या जिल्ह्याला आहे.

केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग पिकाचा खर्च वेगवेगळ्या पातळ्यांवर मोजतो. बियाणे, खत, फवारणी, मजुरी असा पदरचा खर्च म्हणजे ए-२. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवले की ए-२ अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याजही धरले की सी-२. दीडपट हमीभाव यांपैकी कोणत्या खर्चावर द्यायचा, हाच हमीभावाच्या वादाचा गाभा आहे. तो वाद समजून घ्यायला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हवा.

एक हिशेब करून पाहू. समजा, सोयाबीनला एकरी २५ हजार रुपये खर्च आला. उतारा आठ क्विंटल पडला, तर क्विंटलमागे खर्च ३,१२५ रुपये. पावसाने दगा दिला आणि उतारा चारवर आला, तर ६,२५० रुपये. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये होता. म्हणजे भाव तोच राहिला तरी आठ क्विंटल पिकवणारा शेतकरी तरला आणि चार क्विंटलवाला बुडाला. हा आकडा पेरणीआधीच मांडून दाखवणारा माणूस गावात असेल, तर किती पीक घ्यावे आणि किती कर्ज काढावे, याचा निर्णय डोळसपणे होईल.

मानवत आणि सेलूच्या जिनिंगमध्ये खर्च मांडण्याचा हाच प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. उरलेल्यात बहुतांश सरकी. खरेदी एकाच मालाची आणि विक्री दोन मालांची. मग कापसाचा खर्च रुईवर किती टाकायचा आणि सरकीवर किती? सरकीचा भाव उतरला की रुईचा खर्च चढतो. हे ध्यानात न घेता केलेला गाठींचा सौदा तोट्यात जाऊ शकतो. साखर कारखान्यात ऊस एक, पण साखर, मळी आणि बगॅस अशी उत्पादने अनेक. तिथेही हेच शास्त्र लागते.

आता संधींबद्दल. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४८ नुसार ठरावीक उद्योगांतील ३५ कोटी किंवा त्याहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना परिव्यय (कॉस्ट) नोंदी ठेवाव्या लागतात. साखर आणि सुती कापड हे उद्योग त्या यादीत आहेत. कॉस्ट ऑडिट करण्याचा अधिकार व्यवसाय करणाऱ्या कॉस्ट अकाउंटंटलाच आहे. कलम १३८ खाली तो अंतर्गत लेखापरीक्षकही होऊ शकतो. जीएसटी, बँकांसाठी प्रकल्प अहवाल, कारखान्यातील वित्त विभाग आणि केंद्राची भारतीय परिव्यय लेखा सेवा, ही आणखी क्षेत्रे आहेत. शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही असा जाणकार हवा आहे. त्यांतील अनेकींची वाढ हिशेबाच्या माणसाअभावीच अडते.

या वाटेसाठी घर सोडून महानगर गाठलेच पाहिजे, असे नाही. १९५९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय कॉस्ट अकाउंटंट्स संस्थेच्या फाउंडेशनला बारावीनंतर प्रवेश मिळतो. पदवीधर थेट इंटरमिजिएटला बसतात आणि त्यानंतर फायनल. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये होतात. सोबत प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षणही घ्यावे लागते.

प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, कॉस्टिंगची उदाहरणे पुस्तकातल्या काल्पनिक कारखान्याऐवजी जवळच्या जिनिंगमधून आणि शिवारातून घ्या. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ इथेच आहे. त्याच्याशी वाणिज्य महाविद्यालयांनी हात मिळवावा. आणि विद्यार्थी मित्रहो, ही पात्रता मिळवा, अनुभवासाठी बाहेरही जा. पण तुमच्या ज्ञानावर पहिला हक्क या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा आहे, हे विसरू नका. आपल्या मालाचा खर्च दुसऱ्याने ठरवावा आणि आपण तो मान्य करावा, ही स्थिती तुम्हीच बदलू शकता.