चढाचा गिअर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

थंडी पडली की आमच्या राजुऱ्यात सायकली बाहेर निघतात. उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्याचा पारा ४५-४६ च्या पुढे जातो, तेव्हा सकाळी आठनंतर सायकलचं नाव काढवत नाही. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरायचं थांबतं. उरतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने. इंग्लंडमध्ये म्हणे चांगली सायकल हिवाळ्यात घरात ठेवतात आणि चिखल-पाण्यासाठी एक जुनी, मडगार्डवाली सायकल वेगळी काढतात. तिला ते हिवाळी सायकल म्हणतात. आपल्याकडे उलटं आहे. वर्षभर घरात झाकून ठेवलेली सायकल आपण हिवाळ्यात बाहेर काढतो.

श्रोतेहो, माझीही अशी एक सायकल आहे. वाकड्या हँडलची, बारीक टायरची, रस्त्यावर पळवायची. पुढे ४४ दात्यांची एकच चकती, मागे फ्रीव्हीलवर सात चकत्या. सर्वांत लहान १४ दात्यांची, सर्वांत मोठी २८ दात्यांची. पन्नाशी ओलांडल्यावर घेतली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिका आडवी पार करण्याची ती अवघड शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हा आमच्यासारख्या हौशी मंडळींनाही बळ आलं. मी शाळामास्तर. माझी मजल गडचांदूरपर्यंत आणि फार तर तिथून पुढे माणिकगडच्या पहाडाकडे, जिवतीच्या रस्त्याला.

तिथेच अडचण आहे. राजुऱ्याहून गडचांदूरपर्यंत चढउतार फारसे जाणवत नाहीत. पुढे डोंगर लागला की माझ्या सायकलचे गिअर संपतात. शेवटची, सर्वांत मोठी चकती लावूनही पायडल जड जातं. उभं राहून चालवावं लागतं, आणि मागच्या हिवाळ्यात तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर उजवा गुडघा असा धरला की शाळेचा जिना उतरताना कठड्याला हात लावावा लागला. खाली उतरून सायकल ढकलत न्यावी, तर तेही मनाला पटेना. त्यातून रस्ता जंगलाचा. २०१९-२० मध्ये राजुरा आणि विरूरच्या जंगलात आरटी-१ या वाघाने माणसं मारली; ऑक्टोबर २०२० मध्ये तो पकडला गेला. तेव्हापासून मी उजाडल्याशिवाय निघत नाही, आणि जंगलाच्या चढावर एकट्याने सायकल ढकलत चालण्याची हौस मला उरलेली नाही.

तेव्हा प्रश्न असा होता की गिअर बदलावे का, आणि बदलायचे तर कोणते? मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, त्या सायकलवर खर्च करण्यात अर्थ नाही. नवी घ्या, पुढे दोन आणि मागे अकरा गिअरची." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण नव्या सायकलची किंमत ऐकल्यावर माझ्या हिने चहाचा कप खाली ठेवला, आणि तो विषय तिथेच संपला.

मग मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. गिअरचं गणित सातवीच्या मुलालाही जमेल असं आहे. पुढचे दाते भागिले मागचे दाते, आणि त्याला चाकाच्या परिघाने गुणायचं. माझ्या चाकाचा परीघ अंगणात खडूने खूण करून मोजला, तो सुमारे २.१ मीटर भरला. म्हणजे ४४ ला २८ ने भागून पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.३ मीटर पुढे जाते. हा माझा सर्वांत हलका गिअर. मिनिटाला साठ फेरे तरी पडले तर गुडघ्यावर ताण कमी येतो. पण या गिअरमध्ये साठ फेरे मारायचे तर चढावर ताशी बारा किलोमीटरचा वेग ठेवावा लागतो. तेवढी ताकद माझ्या पायांत नाही. म्हणून मी चाळीस फेऱ्यांवर येतो, प्रत्येक फेऱ्याला जास्त जोर लावतो, आणि तो जोर गुडघ्यात जातो.

उपाय दोन होते. एक, मागे ३४ दात्यांच्या मोठ्या चकतीचं फ्रीव्हील बसवायचं. बाजारात मिळणाऱ्या अशा एका फ्रीव्हीलचे दाते मी पाहिले: १४, १६, १८, २०, २२, २४ आणि एकदम ३४. माझ्याकडे होतं ते १४, १६, १८, २०, २२, २४ आणि २८. म्हणजे सहा चकत्या त्याच, पैसे एका चकतीसाठी. आणि २४ वरून थेट ३४ वर उडी मारली की पाय क्षणभर हवेत फिरल्यासारखे होतात. शिवाय चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा मागचा दांडा, ज्याला डिरेलर म्हणतात, तो माझ्या सायकलचा २८ च्या वर चालत नव्हता. म्हणजे तोही नवा घ्यावा लागला असता.

दुसरा उपाय पुढची चकती लहान करण्याचा. ४४ च्या जागी ३६ दात्यांची बसवली तर ३६ भागिले २८, एका फेऱ्याला २.७ मीटर. मागे ३४ दात्यांची बसवूनही एवढंच येतं! साठ फेऱ्यांना ताशी दहा किलोमीटरही लागत नाहीत. मागचा दांडा तोच राहतो, उडीही नाही.

पण एक किंमत होती, आणि खरं सांगायचं तर माझं घोडं तिथेच अडलं. पुढची चकती लहान केली की सगळेच गिअर हलके होतात, पळण्याचाही. ४४ वर एका फेऱ्याला ६.६ मीटर मिळत होते, ते ५.४ वर येणार. मिनिटाला ऐंशी फेऱ्यांनी ताशी एकतीस-बत्तीसचा वेग यायचा, तो सव्वीसवर येणार. सपाट रस्त्यावर एखादा पोरगा पुढे निघून गेला तर बघत राहायचं.

या विचारात मी सायकल घेऊन आमच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गणित ऐकून घेतलं, चिंधीने फ्रीव्हील पुसलं आणि बोट ठेवलं. "सर, ही बारकी चकती तुम्ही लावता तरी कधी?"

मी वाकून पाहिलं. चौदाच्या चकतीवरचा कारखान्यातला काळा थर जवळपास तसाच होता. सोळाचीही तीच गत. आणि चोवीस-अठ्ठावीसचे दाते झिजून चकचकीत झाले होते, टोकं माशाच्या कल्ल्यासारखी एका बाजूला वळलेली. दोन हिवाळे मी जो वेग गमवायला तयार नव्हतो, तो मी कधी वापरलाच नव्हता. कोळशाच्या आणि सिमेंटच्या ट्रकांच्या त्या रस्त्यावर ताशी बत्तीसने कोण जाणार?

घरी येऊन आणखी एक हिशेब केला. अंगणातल्या माझ्या जुन्या काळ्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते आहेत, चाक मोठं. एका फेऱ्याला साधारण ५.४ मीटर. म्हणजे नव्या रचनेत माझा सर्वांत जड गिअर जो होणार होता, तो या काळ्या सायकलचा एकुलता एक गिअर. त्या एका गिअरवर आमच्या वडिलांच्या पिढीने दळणाचे डबे आणि दोन-दोन पोरं वाहिली. आजही मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर आमच्या शाळेच्या आठवी-नववीतल्या मुली रोज खेड्यांवरून येतात. त्यांनाही एकच गिअर, आणि चढ आला की त्या गप्पा मारत उतरतात नि ढकलतात. त्यांच्या चेहऱ्यावर त्याची लाज मी कधी पाहिली नाही.

लाज आम्हालाच. आणि ती जुनी आहे. फ्रान्सची प्रसिद्ध सायकल शर्यत १९०३ मध्ये सुरू करणारे आंरी देग्रांज यांनी त्याच्या आदल्या वर्षी लिहिलं होतं की बदलते गिअर हे पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी ठीक. त्यांच्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. तोपर्यंत घाट आला की शर्यतवीर खाली उतरून मागचं चाक काढत, उलटं बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या चकतीवर चेन चढवत. मी पंचेचाळिशी केव्हाच ओलांडली असल्याने देग्रांजसाहेबांची परवानगी मला आहेच. आणि लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे नावाच्या फेऱ्यांतही दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास देतात, म्हणजे ताशी पंधराहून कमी. तिथेही चढावर जो मोडत नाही तो पोचतो.

तेव्हा ३६ दात्यांचं ठरलं. माझी चकती क्रँकला रिबेट मारून पक्की केलेली असल्याने नुसती चकती बदलता येईना, पूर्ण क्रँकच नागपूरहून मागवावा लागला. मागचं फ्रीव्हीलही झिजल्यामुळे त्याच मापाचं नवं घेतलं. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घसरते. जुनं फ्रीव्हील निघता निघेना. पायडल मारताना ते आपोआप आवळत जातं. शेवटी मिस्त्रींनी पाना वाइसमध्ये पकडला, चाक त्यावर आडवं ठेवलं आणि ट्रकच्या स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांनी फिरवलं, तेव्हा कुठे कट्‌कन आवाज झाला.

चेनचं मात्र मला आधीच कळायला हवं होतं. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. माझ्या चेनच्या तेवढ्याच कड्या फुटपट्टीवर बारा इंचांच्या पुढे चांगल्या दोन सूत गेल्या. एक सूत वाढली तरी चेन बदलावी असं म्हणतात. दोष माझ्या तेल घालण्याचा. आमच्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी, वर कोळशाची नि सिमेंटची धूळ. ओल्या चेनवर ती बसते आणि कानशीसारखी दाते खाते. आता प्रत्येक कडीला एक थेंब घालतो, दहा मिनिटांनी फडक्याने सगळं पुसून काढतो. बाहेरून चेन कोरडी दिसली पाहिजे.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी जिवतीच्या रस्त्याला लागलो. चढ तेवढाच होता, वेगही कासवाचाच. पण पाय फिरत राहिले, आणि मागच्या वर्षी ज्या वळणावर उतरलो होतो ते बसल्याबसल्या मागे पडलं. वर पोचल्यावर गुडघा दाबून पाहिला. किंचित दुखत होता. थंडीत गुडघे झाकून चालवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते मी त्या दिवशीही विसरलो होतो. परतीच्या सपाट रस्त्यावर दोन पोरं बघता बघता पुढे निघून गेली, आणि माझा हात सवयीने गिअरकडे गेला. पुढचा गिअर नव्हता.

संध्याकाळी मिस्त्रींकडे पैसे द्यायला गेलो, तेव्हा माझा जुना ४४ चा क्रँक भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला होता.

"सर, हा भंगारात देऊ का?"

"राहू द्या," मी म्हणालो.