नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'लाईट गेली' या आपल्या जुन्या वाक्याच्या शेजारी आता 'नेट गेलं' हे वाक्य येऊन बसलं आहे. माझ्या राणीसावरगावात, म्हणजे गंगाखेड तालुक्यातल्या रेणुकादेवीच्या गावात, हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी कानावर पडतं. झेरॉक्सच्या दुकानात, पारावर, शाळेच्या ओट्यावर. पण या दोन शब्दांतून कुणालाच काही कळत नाही. दवाखान्यात जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणावं तशातला हा प्रकार. डॉक्टर विचारणारच, की कुठं दुखतंय, कधीपासून, जेवल्यावर की उपाशीपोटी? आज त्याच प्रश्नांबद्दल थोडं बोलायचं आहे.

मी इंजिनिअर नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. घरात दखनी, उंबरठ्याबाहेर मराठी, असं आमचं चालतं. पण गेल्या पावसाळ्यात घरच्या जोडणीनं दोन महिने असा छळ मांडला, की हे शिकण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. कवितेची ओळ अडखळली की आपण पहिल्या अक्षरापासून मात्रा मोजत येतो. जिथं हिशेब जुळत नाही, तिथं बोट ठेवतो. इथंही रीत तीच आहे.

आधी हे सांगतो, की एवढा खटाटोप कशासाठी. शहरात नेट गेलं तर सिनेमा अडतो. आपल्याकडे अर्ज अडतो. खरीप पीक विम्याची मुदत बहुतेक वर्षी जुलैअखेरच्या आसपास संपते. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर, प्रवेशाचे अर्ज ऑनलाईन, निकाल ऑनलाईन. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा मोबाईलला रेंज मिळावी म्हणून पोरं टेकाडावर जाऊन बसत होती, ते आपण पाहिलं आहे. आमची धाकटी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. दर रविवारी सकाळी अकराला तिची सराव परीक्षा असे. मध्येच नेट जाई आणि पडद्यावरचं घड्याळ मात्र चालू राही. ती आतून ओरडे, "अब्बा, नेट गया, पन टाइम नै रुकता!" पोरीचं वर्ष असं मिनिटामिनिटानं गळताना पाहणं बापाला सोसत नाही.

थोडा इतिहास सांगतो. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. तेव्हा टेलिफोनच्या तारेवरूनच नंबर फिरवून जोडणी मिळे. नेट चालू असलं की फोन बंद. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ब्रॉडबँड म्हटलं गेलं. हा वेग आज ऐकून हसू येतं. तीही तांब्याच्या तारेची गोष्ट होती. तांब्याचे शत्रू म्हणजे ओल आणि अंतर. पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरलं की फोनमध्ये खरखर यायची आणि नेट आचके द्यायचं. मग २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर झाली. तीच पुढं भारतनेट. फायबर म्हणजे केसासारखी काचेची तार. तिच्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. तिला पाण्याची भीती कमी. मात्र उंदराचे दात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उंच रचलेला कडबा आणि तारेला पडलेली मुरड, हे तिचे वैरी.

आता रस्ता डोळ्यांसमोर आणा. तुमच्या हातातला मोबाईल, तिथून हवेतून वायफायच्या डब्यापर्यंत, डब्यातून तार भिंतीबाहेर, गल्लीतल्या खांबावरची पेटी, तिथून गावातलं केंद्र, पुढं तालुका, जिल्हा आणि मग सारं जग. एवढ्या लांब वाटेवर बिघाड कुठंही असू शकतो. म्हणून पहिला प्रश्न एकच: दुखणं घरातलं आहे की घराबाहेरचं?

डब्यावरचे दिवे याचं उत्तर देतात. फायबरच्या डब्यावर 'पॉन' नावाचा एक दिवा असतो. तो स्थिर हिरवा असला म्हणजे प्रकाश घरापर्यंत पोचतो आहे. 'एलओएस' नावाचा दिवा लाल झाला, म्हणजे प्रकाश पोचतच नाही. अशा वेळी डबा शंभरदा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. सरळ तक्रार नोंदवावी. त्या तारेचं तोंड उघडून डोळ्याजवळ नेऊ नये. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. एकही दिवा लागत नसेल तर आधी प्लग आणि अडॅप्टर बघा. आपल्याकडे वीज जाते-येते, दाब वरखाली होतो. त्यात अडॅप्टर आधी दम तोडतो. छोटी बॅटरी असलेला यूपीएस मिळतो, तो लावला तर घडीभराच्या भारनियमनात डबा तग धरतो. विजा कडाडू लागल्या की मात्र प्लग काढून ठेवावा.

दिवे ठीक आहेत, तरी नेट नाही, तर डबा बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग चालू करा. यात जादूटोणा नाही. हा डबा म्हणजे एक छोटा संगणकच. महिनोन्महिने चालून त्याच्या डोक्यात कचरा साठतो. घरात फायबरचा डबा वेगळा आणि वायफायचा वेगळा असेल तर आधी फायबरचा चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की दुसरा.

तिसरी पायरी म्हणजे मोबाईल घेऊन डब्याच्या शेजारी उभं राहणं. तिथं नेट पळतं आणि आतल्या खोलीत मरतं, तर दोष कंपनीचा नाही, भिंतीचा आहे. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं तुम्हाला ठाऊक आहेत. दगडमातीची दोन हात रुंद भिंत उन्हाळ्यात गारवा देते, पण वायफायची लहर तिथंच थकते. वायफायचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंतीतून बरा शिरतो, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण जवळपुरता. आतल्या खोलीत बसणाऱ्यानं पहिला धरावा. डबा घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावा. लोखंडी कपाटात किंवा डाळीच्या पिंपामागं लपवू नये. जमलं तर डब्यातून लॅपटॉपला सरळ तार जोडून पाहावी. तारेवर चांगलं आणि हवेत वाईट, म्हणजे वायफायचं दुखणं. तारेवरही वाईट, म्हणजे पुढचं.

आणखी एक. सगळं नेट चालतं आणि एकच संकेतस्थळ उघडत नाही, असंही होतं. शेवटच्या तारखेला विम्याचं पान गोल गोल फिरत राहतं, तेव्हा आपल्या डब्याला शिव्या देऊ नका. तिकडं सगळ्या राज्याची गर्दी उसळलेली असते. दुसरं एखादं पान उघडून बघा, लगेच कळेल. वेगाचंही तसंच. जाहिरातीतले मेगाबिट वेगळे आणि फाईलचे मेगाबाईट वेगळे. आठ बिटांचा एक बाईट. ४० मेगाबिटची जोडणी सेकंदाला फार तर ५ मेगाबाईट उतरवते. तेवढं मिळत असेल तर फसवणूक झालेली नाही.

आमच्या घरी मात्र हे सगळे उपाय करून झाले, तरी नेट जातच होतं. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी निरोप यायचा, "तपासलं, सगळं ठीक आहे, तक्रार बंद." कारण ते तपासत तेव्हा खरोखरच ठीक असायचं. असा तीनदा अनुभव आला. मग मी एक वही घातली. तारीख, वेळ, कोणता दिवा, किती मिनिटं, बाहेर हवा कशी. अम्मी पडवीत बसून असते, तिला वहीची गंमत वाटायची. ती मला म्हणे, "देख जरा, तार में जान है की नै."

तीन आठवड्यांत वही बोलू लागली. नेट पावसानं जात नव्हतं, रात्रीच्या गर्दीनंही नाही. वारा सुटला की एलओएसचा लाल दिवा दोन-चार मिनिटं उघडझाप करी आणि पुन्हा शांत होई. चौथ्या तक्रारीला आलेल्या लाईनमन पोरापुढं मी वही ठेवली. त्यानं ती वाचली आणि डब्याकडं न जाता थेट गल्लीतल्या लिंबाच्या झाडाकडं पाहिलं. खांबावरच्या पेटीत मीटर लावलं तर आकडा वजा २०. आमच्या घरात वजा २६, आणि झाडाजवळची तार हलवली की वजा २९. त्यानं समजावलं, की दर तीन आकड्यांना प्रकाश निम्मा होतो. म्हणजे हलल्यावर पेटीतल्या प्रकाशाचा जेमतेम आठवा हिस्सा घरात पोचत होता, आणि वजा २७-२८ च्या खाली बहुतेक डब्यांना तो ओळखताच येत नाही. फांदीला तार आवळून बांधलेली होती, तिला तिथं मुरड पडली होती. काचेची तार फार वाकवली की प्रकाश वळणावर बाहेर गळतो. वारा आला की मुरड वाढे. त्यानं तेवढा तुकडा बदलला, तार सैल वळणानं खांबावर घेतली. काम चाळीस मिनिटांचं होतं.

त्या पोराकडं दहा-बारा गावं आहेत, मोटारसायकलवर शिडी बांधून तो फिरतो. आपण त्याला 'नेट चालत नाही' म्हणून सांगतो आणि तो अंधारात चाचपडतो. 'मंगळवारी चारला, वारा असताना, लाल दिवा' असं सांगितलं तर त्याचाही दिवस वाचतो. कवीला नेमका शब्द सापडेपर्यंत चैन पडत नाही. तक्रारदारालाही पडू नये.

तक्रारीचा क्रमांक मात्र जरूर लिहून घ्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार कंपनीला तो द्यावा लागतो, आणि तक्रारीचं समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं दाद मागता येते. तिथं तुमचे शब्द कमी आणि वहीतल्या तारखा जास्त उपयोगी पडतात.

सर्वांत मोठं नुकसान सवयीनं होतं. नेट गेलं की आपण 'चालायचंच' म्हणतो आणि पोरांना शेजाऱ्याच्या गच्चीवर पाठवतो. गल्लीतल्या पाच घरांनी पाच वह्या ठेवल्या आणि पाचही वह्यांत एकच वेळ निघाली, तर दुखणं कुणा एकाच्या घरातलं नाही हे तिथंच सिद्ध होतं. मग पाच जणांनी मिळून तक्रार करावी. तोवर महत्त्वाचा अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका आणि परीक्षेच्या दिवशी दुसऱ्या कंपनीच्या मोबाईलचं हॉटस्पॉट हाताशी असू द्या. वही दोन रेघी असली तरी चालेल. ती पोरांच्या हातात द्या. दिव्यांची भाषा ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात.