गळ, दोरी आणि एका माणसाची आठवण



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘मासेमारीची जुनी साधने’ असे सांगून टाकले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. परभणीचा उन्हाळा, पिण्याच्या पाण्याची भ्रांत, आणि वक्ता मासे पकडायला निघालेला! पण घाबरू नका. आज मी मासा एकही पकडणार नाही. मला बोलायचे आहे ते एका माणसाविषयी आणि त्याच्या हातातल्या वस्तूंविषयी.

विलायतेत जॅक हारग्रीव्ज नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. जन्म १९११ चा, मृत्यू १९९४ चा. १९५१ साली त्यांनी वर्षभराच्या गळमासेमारीवर पुस्तक लिहिले आणि पुढे १९६० पासून १९८१ पर्यंत दूरचित्रवाणीवर ‘आउट ऑफ टाउन’ हा कार्यक्रम केला. मी त्यांना पाहिले ते त्यांच्या पश्चात, मुलाच्या घरी, जुन्या चित्रफितीत. समोर एक साधी खोपटी, तोंडात चिलीम, दाढी पिकलेली. हातात एखादी जुनी वस्तू घ्यावी आणि ती कोणी केली, कशासाठी केली, कशी वापरली, हे शेजाऱ्याशी गप्पा माराव्यात तसे सांगावे, एवढाच त्यांचा खाक्या. पण माणसे कामधाम टाकून ऐकत.

त्या देशात कृत्रिम माशीने मासे पकडण्याची एक कला आहे. गळाला रेशमाच्या धाग्याने पिसे बांधून खोटी माशी करतात आणि ती पाण्यावर अशी अलगद उतरवतात की मासा फसावा. माशीला स्वतःचे वजन नाही, तेव्हा ती दूर फेकायची कशी? त्यासाठी दोरीच वजनदार करतात. पूर्वी ती रेशमाची विणून तेलात मुरवीत. काठी बांबूच्या चिरफळ्या एकमेकींना चिकटवून करीत.

आता गंमत पाहा. त्या विलायती काठ्यांना आरंभी जो बांबू लागे, तो ‘कलकत्ता बांबू’ म्हणून ओळखला जाई. म्हणजे आपल्याकडून गेलेला. माशीवर जे ठिपकेदार, लाखेसारखे चकाकणारे पीस बांधीत, ते आपल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेचे. १९०२ साली पिसांच्या निर्यातीवर बंदी आली, तोवर आपल्या रानातला कोंबडा साहेबाच्या टोपीवर आणि साहेबाच्या गळावर, दोन्हीकडे मिरवत होता! साहेबाने त्या काठ्या जपून ठेवल्या. जुन्या काठीला, जुन्या फिरकीला तिकडे आजही शौकीन मिळतात. आपण काय जपले?

मी लहानपणी गंगाखेडला गोदावरीकाठी जात असे. वडील शिक्षक. घरात मासा शिजत नसे, पण मला पाण्याचे वेड. तिथे एक म्हातारे भोई होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. वेळूची काठी, अंबाडीची पिळलेली दोरी आणि तरंगायला मोराच्या पिसाचा दांडा, एवढा त्यांचा संसार. एकदा मी तासभर गळ टाकून बसलो, काही लागेना. मामा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “गुरुजीच्या लेकरा, तुही सावली पाण्यात पडलीय. आधी ती उचल, मंग गळ टाक.”

सभेत बोलताना मला हे वाक्य अजून आठवते. ज्याची सावली आधी पोचते, त्याच्या गळाला काही लागत नाही. हारग्रीव्ज यांचेही गुपित हेच असावे. ते वस्तू पुढे करीत आणि स्वतः मागे राहत.

कोणी म्हणेल, हे साहेबाचे छंद, आपला त्याच्याशी संबंध काय? तर ऐका. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याची राजधानी इथून फार लांब नव्हे, त्याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा ग्रंथ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. मासे कोणते, ते कुठे राहतात, त्यांना काय खायला घालावे, गळाची दोरी नि काठी कशी असावी, हे सारे संस्कृत श्लोकांत! मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. राजाला जे लिहून ठेवण्याजोगे वाटले, ते मामांच्या बोटांत होते. फरक एवढाच की राजाचे कागदावर राहिले.

मामांचे राहिले नाही. पूर्वी सुती जाळे बाभळीच्या सालीच्या काढ्यात बुडवीत, रोज वाळवीत, नाही तर ते कुजे. मग नायलॉन आले. मी नायलॉनला नावे ठेवणार नाही. भोयाच्या बायकोचे कष्ट त्याने वाचवले. पण सुती जाळे नदीत हरवले तर कुजून जाई. नायलॉनचे जाळे मालक विसरला तरी मासे मारीत बसते. नदीही बदलली. ढालेगाव, मुदगल, डिग्रस येथे बंधारे झाले. शेताला पाणी मिळाले, त्याचा आनंदच आहे. पण वाहत्या पाण्याचे जे ज्ञान होते, ते साचलेल्या पाण्यावर कसे चालावे?

काही वर्षांपूर्वी मी मामांच्या घरी गेलो. नातू भला माणूस. त्याने चहा दिला. काठी, दोरी, सापळे यांची चौकशी केली तेव्हा तो ओशाळून म्हणाला, “काका, चुलीत घातलं सगळं. कोणी विचारलंच नाही कधी.”

बंधुभगिनींनो, दोष त्याचा नाही. विचारायला चाळीस वर्षे उशिरा गेलो, तो मी. हारग्रीव्ज यांचेही सारे कार्यक्रम आज मिळत नाहीत, आणि ते तर दूरचित्रवाणीवरचे! मग नदीकाठच्या म्हाताऱ्याच्या बोलण्याची काय कथा?

म्हणून माझी एक विनंती आहे. या गावात शाळा आहेत, वाचनालये आहेत. त्यांपैकी कुणी एक कपाट द्यावे. गळ, जाळे, पाभर, मोट, जे घरात अडगळीत पडले असेल ते तिथे यावे. आणि प्रत्येक वस्तूखाली तिचे नाव, तिच्या भागांची नावे आणि ती वापरणाऱ्याचे चार शब्द, त्याच्याच बोलीत, लिहिलेले असावेत. वस्तू नंतरही सापडेल. सांगणारा नंतर सापडणार नाही. येत्या रविवारी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, आणि आपली सावली तेवढी बाजूला ठेवून विचारा, “हे काय होतं हो?”