एकाच तारेचे एकच माप



महोत्सवानिमित्त शास्त्रीय विषयावर चार शब्द बोलावेत, अशी चालकांची आज्ञा झाली. आम्ही विषय निवडला तो मापाचा.

पूर्वी गावोगावचा शेर निराळा असे. एका पेठेतले पाच शेर धान्य दुसरीत कमी भरे. वाणी लबाड नसला तरीही. हीच अडचण आजच्या शास्त्रालाही पडते.

1911 साली हॉलंडातील लायडन येथे कामेरलिंग ऑनेस यांना आढळले की, सुमारे उणे 269 अंश सेल्सिअसला पाऱ्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा होतो. अशा पदार्थांस अतिसंवाहक म्हणतात. त्यांच्या तारांचे जबर चुंबक होतात, इस्पितळांतील एम.आर.आय. यंत्रांत ते असतात. परंतु तार किती प्रवाह सोसेल याला सीमा आहे. तिला क्रांतिक प्रवाह म्हणतात. ती ओलांडली की तार तापते आणि चुंबक निकामी ठरतो.

ही सीमा नेमकी कोठे मानावी? प्रवाह वाढवीत नेला की तारेत विजेचा दाब हळूहळू प्रकट होतो. एका प्रयोगशाळेने मीटरमागे 10 मायक्रोव्होल्टला सीमा मानली आणि दुसरीने 100 ला, तर ज्या तारेत दाब प्रवाहाच्या 20 व्या घाताने वाढतो तिच्या आकड्यांत सुमारे 12 टक्के तफावत पडेल. आणि दोघीही प्रामाणिकच!

दुसरी गोष्ट उंचीची. द्रव हेलियम समुद्रसपाटीला 4.2 केल्व्हिनला उकळते. अमेरिकेतील बोल्डर शहर सुमारे 1650 मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी, म्हणून हेलियम सुमारे 4 केल्व्हिनलाच उकळते. तार अधिक थंड राहते व अधिक प्रवाह सोसते. तेवढी दुरुस्ती करून मगच आकडा सांगावा लागतो.

तिसरी गोष्ट ताणाची. नायोबियम आणि कथील यांची तार भट्टीत सुमारे 650 अंशांवर भाजतात. मग ती ठिसूळ होते. ती ज्या नळकांड्यावर गुंडाळून मोजायची, ते पोलादी असेल तर थंडीत टिटॅनियमच्या मिश्रधातूपेक्षा जास्त आकसते. तारेवरचा ताण बदलतो आणि आकडाही बदलतो. 1980 नंतरच्या दशकात ‘व्हामास’ या आंतरराष्ट्रीय सहकार्यात युरोप, जपान व अमेरिकेतील प्रयोगशाळांनी एकाच तारेचे नमुने वाटून घेऊन आकडे ताडून पाहिले. पुढे मोजणीची पद्धत आंतरराष्ट्रीय मानकांत लिहून ठेवली गेली.

याचे मोल फ्रान्समधील कादाराश येथे दिसते. तेथे ‘इटर’ ही संमीलन भट्टी उभी राहात आहे. भारतही तिचा भागीदार आहे. तिच्या चुंबकांसाठी चीन, युरोप, जपान, कोरिया, रशिया व अमेरिका यांनी मिळून 1,00,000 किलोमीटरहून अधिक तार केली. ती एकाच यंत्रात बसायची, म्हणून निरनिराळ्या देशांच्या प्रयोगशाळांनी आधी एकच तार मोजून आपापले आकडे जुळवून घेतले. तसे न करते, तर कच्ची तार पक्की ठरून चुंबकात गेली असती.

आम्हां शिक्षकांना हे परके नाही. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे गेली की गुण निराळे पडतात. म्हणून गुणदानाची रीत आधी ठरवावी लागते. आपला ट्रस्ट शिष्यवृत्त्या देतो, मदत देतो. देणाऱ्यांची नियत साफ आहेच. पण ज्या मुलाचा अर्ज नामंजूर होतो, त्याला आपली नियत दिसत नाही, माप दिसते. ते माप आधी ठरवावे, लिहून ठेवावे आणि मधूनमधून दुसऱ्याकडून ताडून घ्यावे, एवढीच या प्रसंगी आमची विनंती आहे.