नळ तोच, पाणी बदलले



माणदेशात पाण्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या एकच प्रश्न विचारला गेला : पाणी आले का? आड, बोअर, टँकर, वेशीवरचा हातपंप आणि पुढे भीमेचे पाणी आणणारी शिरभावी प्रादेशिक योजना, या साऱ्यांकडे सांगोला तालुक्यातील घराघराने याच एका प्रश्नाच्या नजरेने पाहिले. ते स्वाभाविकही होते. जेथे घागर भरणे हीच दिवसाची मोठी कमाई, तेथे घागरीत काय आहे याची चौकशी करण्यास उसंत कोणाला? परंतु आता नळ दारात आला आहे, तेव्हा दुसरा प्रश्न विचारलाच पाहिजे. आलेले पाणी वाटेत कशाकशातून आले?

जंतूंचे भय आपल्या समाजाच्या अंगवळणी पडले आहे. पाणी गढूळ दिसले की तुरटी फिरवतात, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल टाकतो, घरात आजारी माणूस असेल तर पाणी उकळले जाते. शिशाची गोष्ट अगदी निराळी. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तुरटी, क्लोरीन किंवा गाळण्याचे फडके यांपैकी कशालाही ते दाद देत नाही. उकळल्याने तर पाणी आटते आणि शिसे तेवढेच राहते, म्हणजे त्याचे प्रमाण उलट वाढते! भारतीय मानक संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी (आयएस १०५००) घातलेली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग इतकी आहे. यावरून हा पदार्थ किती अल्प मात्रेत घातक आहे याची कल्पना यावी.

शिशाचे नळ ही मुळात युरोपची परंपरा. शिशाला लॅटिनमध्ये ‘प्लंबम’ म्हणत. ‘प्लंबर’ हा शब्द त्यातूनच आला. त्या रोमन काळातही विट्रुव्हियस या वास्तुविशारदाने शिशापेक्षा भाजलेल्या मातीचे नळ आरोग्याला बरे, असे लिहून ठेवले होते. आपल्याकडे रस्त्याखाली प्रामुख्याने बिडाचे आणि जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ पडले. त्यामुळे हा प्रश्न आपला नव्हेच, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. तो घाईचा आहे. शिसे आपल्याकडे मागच्या दाराने आले. पीव्हीसीचा नळ तयार होताना उष्णतेने तो बिघडू नये म्हणून त्यात शिशाची संयुगे घालण्याची पद्धत होती. पितळी तोटीत थोडे शिसे मिसळलेले असते. जुन्या कारागिरांनी लोखंडी नळाच्या आट्यांवर सुतळीबरोबर सफेदा चोपडला. अस्सल सफेदा हे शिशाचेच लवण. (कल्हईच्या कथिलात शिशाची भेसळ करणारेही होतेच.) राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली पीव्हीसी नळांतील शिशाची दखल घेतली आणि २०२१ मध्ये केंद्र शासनाने त्यासाठी नियम केले. नियम झाले, हे उत्तमच. परंतु ते नव्या नळांसाठी आहेत. तुमच्या-आमच्या भिंतीत वीस वर्षांपूर्वी पुरलेला नळ जिथल्या तिथेच आहे.

येथे अमेरिकेतील फ्लिंट या शहराचे उदाहरण समजून घेण्यासारखे आहे. तेथे शिशाचे जुने नळ अनेक दशके जमिनीखाली होते आणि मोठा अनर्थ घडला नव्हता, कारण आतून क्षारांचा थर बसलेला होता. एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराने पाण्याचा स्रोत बदलला. नदीचे नवे पाणी अधिक गंजवणारे होते आणि नळांचे रक्षण करणारे औषध त्यात घातले गेले नाही. थर सुटला, शिसे पाण्यात उतरले, मुलांच्या रक्तात सापडले. ऑक्टोबर २०१५ मध्ये जुना स्रोत पुन्हा सुरू करावा लागला. नळ तोच होता. बदलले होते फक्त पाणी.

सांगोल्यात तर पाणी ऋतूगणिक बदलते. कधी नदीचे, कधी बोअरचे जड पाणी, टंचाईत टँकरचे. बोअरच्या पाण्याने तोटीवर बसणारा पांढरा थर येथील प्रत्येक गृहिणीने खरवडला आहे. तसाच थर नळाच्या आतही असतो आणि पाण्याचा गुण पालटला की तो तसाच राहील याची शाश्वती नाही. शिवाय येथे नळ चोवीस तास वाहत नाही. दोन पाळ्यांमध्ये पाणी नळात पडून राहते, आणि पाणी जितके पडून राहील तितके धातू त्यात उतरण्यास वेळ मिळतो.

पाश्चात्त्य पुस्तकांतला सल्ला असा की, सकाळी काही मिनिटे नळ वाहू द्यावा. दुष्काळी मुलखात हा सल्ला कोण ऐकणार, आणि का ऐकावा? पहिली बादली फेकावी लागत नाही. ती फरशी, भांडी, कपडे यांसाठी वेगळी ठेवावी आणि पिण्याचा हंडा त्यानंतर भरावा. स्वयंपाकासाठी गिझरचे गरम पाणी घेऊ नये, कारण उष्ण पाणी धातू अधिक विरघळवते.

याचा खरा संबंध लहान मुलांशी आहे. पोटात गेलेले शिसे बालकाच्या शरीरात प्रौढाच्या चार-पाच पट शोषले जाते आणि मेंदूच्या वाढीवर आघात करते. झालेली हानी औषधाने भरून येत नाही. आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते. गर्भवतीच्या हाडांत पूर्वी साठलेले शिसेही गर्भापर्यंत पोहोचते. म्हणून अंगणवाडी आणि शाळेचा नळ सर्वांत आधी तपासावा.

गावपातळीवरच्या साध्या तपासणी संचात शिसे मोजले जात नाही. प्रयोगशाळेत नमुना देताना शिशाचे नाव घेऊनच तपासणी मागावी लागते. नमुने दोन घ्यावेत. पहिला, रात्रभर पडून राहिलेल्या पाण्याचा, तोटी उघडताच. दुसरा, बादलीभर पाणी काढून झाल्यावर. शिसे केवळ पहिल्यात आढळले, तर दोष बहुधा घरातल्या तोटीत किंवा जोडात असतो आणि तो घरमालकाने थोड्या खर्चात दूर करावा. दोन्हींत आढळले, तर अहवालाची प्रत घेऊन ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जावे आणि रस्त्याखालचा नळ कोणत्या वर्षी, कशाचा टाकला याची नोंद मागावी.